चार कमानींचा सांधा

१९०० सालाच्या आसपास इंग्लंडात घडलेला बिलियर्ड्सचा जुना क्यू हातात आला, तर टोकाकडून पाहायला सुरुवात करू नये. टोकाला असते चामड्याची टिप आणि तिच्याखालची छोटीशी टोपी. दोन्ही झिजणाऱ्या वस्तू, आजवर कितीदा तरी बदललेल्या. क्यू उलटा धरावा आणि मुठीकडून वर पाहत जावं. मुठीचा भाग काळाभोर आबनुसाचा असतो, वरचा दांडा फिकट पिवळ्या ॲश लाकडाचा. काळं लाकूड संपून पिवळं सुरू होतं तिथे आडवी रेघ मात्र दिसत नाही. काळ्याच्या चार कमानी पिवळ्यात वर चढत गेलेल्या दिसतात. लांब, निमुळत्या, माथ्याशी किंचित गोल. त्यांच्यामधून पिवळं लाकूड तितक्याच निमुळत्या पट्ट्यांनी खाली उतरतं आणि काळ्यात नाहीसं होतं.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही नक्षी वाटते. ती नक्षी नाही, सांधा आहे. या क्यूंचं माझ्या मनातलं मोठेपण इथेच सुरू होतं. डोळ्याला जे जे सुंदर दिसतं ते ते कुठल्या तरी कामाची खूण आहे. शोभेसाठी म्हणून लावलेलं फार थोडं, आणि जे आहे तेही सांध्याच्या आश्रयाने राहतं. हा सांधा वाचता आला, की ज्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही त्या कारागिराचा हात दिसू लागतो.

दोन लाकडं जोडायचीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ॲश हे लवचिक, सरळ रेषांचं आणि वजनाच्या मानाने चिवट लाकूड. हातोड्यांचे आणि कुदळींचे दांडे इंग्लंडात याचेच होत, कारण ठोक्याचा हादरा ते पोटात घेतं. क्यूलाही नेमकं तेच हवं असतं. पण अखंड ॲशचा क्यू मागून हलका पडतो. सुमारे ५८ इंच लांबीच्या आणि १६ ते १८ औंस वजनाच्या या काठीचा तोल मागे, मुठीच्या थोडा पुढे यावा लागतो, तरच खेळणाऱ्याचा पुढचा हात मोकळा राहतो. त्यासाठी मागे जड लाकूड पाहिजे. आबनूस इतकं घट्ट असतं की पाण्यात टाकलं तर बुडतं. एक लाकूड हादरा सोसणारं, दुसरं वजन देणारं. दोघांची घनता वेगळी, फुगण्या-आकसण्याची सवय वेगळी, आणि सांधा असा हवा की दर ठोक्याला या टोकाची थरथर त्या टोकाच्या तळव्यापर्यंत अडखळल्याशिवाय पोचावी. दोन दांडे समोरासमोर ठेवून डकवले तर असा सांधा महिनाभरही टिकणार नाही. म्हणून ही लांब, तिरपी गुंफण.

ती होते कशी, हे सावकाश सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ॲशचा दांडा टोकापासून बुडापर्यंत अखंडच राहतो. आबनूस त्याच्या खाली जोडलेलं नसतं, त्याच्या चारी अंगांवर चढवलेलं असतं. कारागीर दांड्याच्या मागच्या भागावर समोरासमोरच्या दोन बाजूंना रंध्याने लांब उतरण काढतो. वरच्या बाजूला शून्यातून सुरू होणारी आणि बुडाकडे जाताना आत आत शिरणारी. त्या दोन सपाट उतरणींवर आबनुसाच्या दोन फळ्या गरम सरसाने बसवायच्या, आवळायच्या आणि पुरत्या वाळू द्यायच्या. मग दांडा पाव फेरा फिरवायचा आणि उरलेल्या दोन अंगांवर पुन्हा उतरण काढायची. या वेळी रंधा ॲशमधूनही जातो आणि आधी चिकटवलेल्या आबनुसाच्या कडांमधूनही. एक लाकूड मऊ, दुसरं दगडासारखं, आणि दोन्हींवरून एकाच फटक्यात सपाट पृष्ठ यायला हवं. कुठे केसभर पोकळी राहिली तर ती जन्मभर काळी रेघ होऊन दिसत राहणार. त्यावर आणखी दोन फळ्या. आता हातात असतो एक ओबडधोबड, चौकोनी, जाड बुडाचा सोटा. त्याचा क्यू करायचा तो पुन्हा रंध्यानेच. चौकोनाचे आठ कोन, आठाचे सोळा, आणि मग कोन मोजता येईनासे होईतो. अशा हातच्या क्यूंचे कारागीर शेवटचा गोलपणा लेथवर न आणता हातानेच आणत.

आता कमानीकडे पुन्हा पाहा. तिचा आकार कोणी आखलेला नाही, कोरलेलाही नाही. निमुळत्या गोल वस्तूला सपाट तिरपा छेद दिला की ही कमान आपोआप उमटते. गाजर तिरपं कापलं की चकती लांबट का होते, त्यातलंच हे भूमितीचं तत्त्व. कारागिराने केली ती सपाट उतरण. कमान भूमितीने दिली. पण ती देताना भूमिती फार कडक हिशेब मागते. बुडाशी क्यूची जाडी साधारण २९ मिलिमीटर असते आणि कमानीच्या माथ्याशी २० च्या आसपास. आतली उतरण आणि बाहेरचा निमुळतेपणा यांच्यामधला कोन जेमतेम दोन अंशांचा भरतो. इतक्या अरुंद कोनात काय होतं, तर गोलाई आणताना पृष्ठभागावरून कागदाइतकी, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाची ढलपी निघाली, की कमानीचा माथा जवळपास तीन मिलिमीटर बुडाकडे सरकतो. एका बाजूने रंधा जरा जोरात चालला की त्या बाजूची कमान खुजी होते. ती उंचावता येत नाही. उरलेल्या तिघी खाली आणाव्या लागतात आणि तोवर क्यू बारीक होत जातो.

म्हणून चारही माथे एका पातळीत आलेला हातचा क्यू दिसला की मी थांबतो. त्या समान उंचीचा अर्थ असा, की आतल्या चारही उतरणी सारख्या होत्या, ॲशचा गाभा बरोबर मध्यावर होता आणि शेवटच्या ढलपीपर्यंत माणसाचा हात चारी बाजूंना सारखाच चालला. आतलं, न दिसणारं काम किती चोख आहे याचा पुरावा बाहेर, दिसेल असा मांडलेला आहे. बहुतेक चांगल्या जुन्या क्यूंमध्ये एखादा माथा एक-दोन मिलिमीटर पुढेमागे असतो. मला तो दोष वाटत नाही. कुठे थांबायचं हे कारागिराला कळलं होतं, एवढंच त्यातून दिसतं. माथे जुळवण्याच्या हट्टापायी त्याने मुठीची जाडी घालवली नाही.

काही क्यूंमध्ये आबनूस आणि ॲश यांच्यामध्ये रंगीत लाकडाचा पातळ पापुद्रा असतो, कधी एक, कधी एकावर एक दोन-तीन. व्हीनिअर म्हणतात तो. ही मात्र शोभाच, पण सांध्याच्या आत बसवलेली. पापुद्र्याची जाडी सगळीकडे एकच, अर्धा-पाऊण मिलिमीटर. तरी क्यूवर तो सगळीकडे सारखा दिसत नाही. कमानीच्या कडेने तो धाग्यासारखा बारीक जातो आणि माथ्याशी पोचताच एकदम ताणला जाऊन दीड-दोन सेंटिमीटर लांब होतो. माथ्यावर पृष्ठभाग त्याला अगदी निसटता कापतो, म्हणून. त्यामुळे काळी कमान, तिच्यावर तांबडी, तिच्यावर हिरवी अशा एकीतून दुसरी उगवलेल्या दिसतात आणि मधलं अंतर शेंड्याकडे वाढत जातं. रंगाचा हात मारून अशी चढण काढायची तर कसलेला चित्रकार लागेल. इथे पापुद्रा फक्त मध्ये ठेवला आहे, उरलेलं त्या दोन अंशांनी केलं.

आता वरच्या दांड्याकडे. ॲशमध्ये दर वर्षीच्या वाढीचा एक पट्टा असतो. वसंतात वाढलेला भाग मोठ्या छिद्रांचा, त्यानंतरचा घट्ट. क्यू तयार होताना त्या छिद्रांमध्ये गडद भर भरली जाते आणि वर्षा-वर्षाची सीमा काळसर रेघ होऊन उठून दिसते. क्यू बोटांत धरून हळूहळू फिरवला तर दोन बाजूंना या रेघा सरळ, टोकापर्यंत समांतर धावताना दिसतात. उरलेल्या दोन बाजूंना त्या एकमेकींना मिळून बाणाच्या पात्यासारख्या होतात. एकापुढे एक, टोकाच्या दिशेने. इंग्रज खेळाडू त्यांना बाणच म्हणतात. नेम धरताना बाण नेहमी वरच्या अंगाला ठेवायचे, हा अनेकांचा शिरस्ता. त्यामागे कारण आहे. लाकूड पट्ट्यांच्या दिशेने आणि पट्ट्यांच्या आडवं सारखंच वाकत नाही, म्हणून दर फटक्याला ते एकाच रीतीने वाकावं यासाठी क्यू एकाच रीतीने धरायचा.

हे बाण येतात कुठून? झाडातले वाढीचे थर दांड्याला समांतर, जवळजवळ सपाट असतात. दांडा टोकाकडे निमुळता होत जातो, तसे बाहेरचे थर एकेक करून पृष्ठभागावर संपत जातात. सपाट थर, निमुळता गोल आणि त्यांचा निसटता छेद. म्हणजे आबनुसाची कमान ज्या कारणाने उमटली, त्याच कारणाने ॲशचे बाण उमटले आहेत आणि दोघांचे माथेही एकाच दिशेला, टोकाकडे आहेत. खालच्या कमानी माणसाने दोन लाकडं जोडताना आल्या, वरच्या झाडाने वर्षांमागून वर्षं जोडताना. हे ध्यानात आल्यापासून अशा क्यूच्या सौंदर्याचं कोडं मला तरी उलगडलं. काळं आणि पिवळं ही दोन परकी लाकडं इतकी एकजीव का वाटतात? रंग जुळत नाहीत, पोत जुळत नाही. पण दोन्हींवर एकाच जातीच्या वक्ररेषा आहेत. डोळा हे नातं ओळखतो, मनाला त्याचं कारण उशिरा कळतं.

उत्तम कारागीर हे नातं आणखी एका ठिकाणी जपतो. मुठीच्या मागच्या टोकाला एका बाजूला बोटभर लांबीची सपाटी काढलेली असते. तिच्यावर नावाची पट्टी बसते. ही सपाटी दांड्यावरच्या बाणांशी जुळवून काढायची, म्हणजे न पाहता, नुसत्या तळहाताला लागलेल्या सपाटीवरून खेळाडूला कळावं की बाण कुठे आहेत.

यंत्राने सांधलेल्या क्यूंबद्दल इथे दोन शब्द. त्या पद्धतीत दोन्ही लाकडांना करवतीने खोल खाचा पाडून त्यांची बोटं एकमेकांत घुसवतात. तिथली टोकं सुईसारखी अणकुचीदार येतात आणि कडा सरळ. सांधा मजबूत असतो, किंमत आवाक्यात राहते, आणि असंख्य क्लबांमधली पोरं असल्याच क्यूंवर खेळ शिकली. मी त्यांना नाक मुरडणार नाही. पण त्या टोकांकडे एकदा पाहिलं की पाहून होतं. चारही सारखीच असणार हे आधीच माहीत असतं, कारण करवत ठरलेल्या जागी लावलेली आहे. हातच्या कमानीत मात्र दर वेळी विचारावं लागतं की हे इथवर कसं आणलं असेल.

क्यूला इतकी काटेकोर घडण का लागू लागली, याचं उत्तर खेळात आहे. सुरुवातीला बिलियर्ड्स खेळत ते मेस नावाच्या दांड्याने. त्याच्या पुढे बुटासारखा ठोकळा असे आणि चेंडू मारायचा नसून ढकलायचा असे. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटला की ठोकळा अडे, मग खेळाडू दांडा उलटा करून शेपटीकडच्या टोकाने मारत. तीच शेपटी पुढे क्यू झाली. पण नुसतं लाकूड चेंडूवरून घसरतं, त्यामुळे मध्यावर सरळ ठोका देण्यापलीकडे फारसं काही जमत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या कप्तान मिंगोने टोकाला चामड्याची टिप लावून काय काय साधता येतं ते दाखवलं. चेंडूच्या खाली मारलं की तो परत फिरतो, बाजूला मारलं की कडेवरून वाकडा उसळतो. १८२७ साली पॅरिसला त्याचं या खेळावरचं पुस्तकही निघालं. इंग्लंडात बाथ गावी बिलियर्ड्सच्या खोलीत मार्कर (गुण मोजणारा) असलेला जॅक कार टोकाला खडू लावून चेंडूला असाच पीळ देई आणि त्या खडूची डबी जादूची पूड म्हणून विकत असे. त्याच काळात, १८२६ मध्ये, लंडनच्या जॉन थर्स्टनने टेबलाला लाकडी तळाऐवजी स्लेटच्या फरशा बसवल्या. पुढे कडांना रबर आलं. टेबल अचूक झालं, चेंडूची फिरकी हातात आली, आणि आता सगळा दोष काठीवर येऊ लागला. जी काठी कालपर्यंत ढकलण्याच्या कामाची होती, तिच्याकडून आता नेमकं वाकणं आणि नेमकं सरळ होणं मागितलं जाऊ लागलं. आपण वाचतो आहोत तो सांधा या मागणीचं उत्तर आहे.

मुठीवरच्या पट्टीकडे आता वळू. गेल्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत इंग्लंडात नामांकित खेळाडूंच्या नावाचे क्यू विकले जात आणि पट्टीवर नावासोबत त्यांचा विक्रमही कोरला जाई. डब्ल्यू. जे. पीआलच्या नावापुढे ३३०४ हा आकडा दिसतो. टॉम रीसच्या नावापुढे ४,९९,१३५. वॉल्टर लिंड्रमच्या नावापुढे ४१३७. मोठे मोठे आकडे, आणि त्यांच्यामागची हकीकत माहीत असली तर विलक्षण बोलके.

पीआलने १८९० साली लंडनच्या रॉयल ॲक्वेरियममध्ये ३३०४ गुणांचा ब्रेक (न चुकता एका खेपेत मिळवलेले गुण) केला तो बहुतांशी एकाच फटक्याच्या जोरावर. लाल चेंडू ठरलेल्या ठिपक्यावरून वरच्या भोकात टाकायचा, तो पुन्हा ठिपक्यावर येणार, पुन्हा टाकायचा. १८९८ मध्ये नियम बदलून या फटक्याच्या सलग मालिकेवर बंधन आलं. रीसने १९०७ साली सोहो स्क्वेअरमध्ये, दोन चेंडू भोकाच्या तोंडाशी अडकवून ठेवून त्यांना आपल्या चेंडूने आळीपाळीने नुसतं शिवत, पाच आठवडे एकच ब्रेक चालवला. प्रेक्षक आणि पत्रकार सतत हजर नव्हते म्हणून तो अधिकृत विक्रम धरला गेला नाही आणि तो फटकाही बाद झाला. लिंड्रमने जानेवारी १९३२ मध्ये थर्स्टनच्या सभागृहात जो डेव्हिसविरुद्ध ४१३७ केले. त्याचे नाजूक कॅननचे (आपल्या चेंडूने उरलेल्या दोन्ही चेंडूंना शिवण्याचे) फटके थांबता थांबेनात, तेव्हा खेळाडूला ठरावीक अंतराने चेंडू टेबलावरच्या ठरलेल्या रेघेपलीकडे न्यायला लावणारा नियम करावा लागला. म्हणजे या पट्ट्यांवर कोरलेला प्रत्येक आकडा खेळाने पुढे ज्याला दार बंद केलं अशा कसबाचा आहे. तो खेळ आता खेळता येत नाही, क्यू मात्र आहे.

पट्टी कशाची आहे, तेही भिंगाखाली पाहावं. हाडाची असेल तर तिच्यात बारीक काळसर ठिपके आणि तुटक रेघा दिसतात, कारण हाडातून रक्तवाहिन्यांच्या नळ्या गेलेल्या असतात. हस्तिदंत घट्ट आणि गुळगुळीत, आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा दाखवणारं. नंतरच्या काळात सेल्युलॉइड आलं. पट्टीवर विजेत्याचं नाव असतं, बरोज अँड वॉट्ससारख्या पेढीचं असतं, कधी दोन्ही. रंधा चालवणाऱ्याचं कधीच नसतं. लिव्हरपूलच्या पेराडनसारख्या कारखान्यांत कितीतरी माणसांनी जन्मभर हेच काम केलं. त्यांची नावं कमानींवरूनच वाचायची. उंचीतला तो मिलिमीटरभर फरक, पापुद्र्याची चढण, सपाटी कुठवर नेली ती जागा, हीच त्यांची सही. पट्टीवरचं नाव वाचून क्यू परत ठेवणारा माणूस मला अर्ध्यावरून उठून गेलेल्या श्रोत्यासारखा वाटतो.

हा क्यू इंग्लंडचा म्हणायचा, पण त्यात इंग्लंडचं असं फक्त ॲश. आबनूस सिलोनकडचं किंवा दक्षिण हिंदुस्थानातलं. मुठीला आबनुसाऐवजी अनेकदा शिसवी असे, तीही आपल्याकडच्या रानांतून गेलेली. वरचं फ्रेंच पॉलिश लाखेचं आणि लाखेचा सगळ्यात मोठा पुरवठादार ब्रिटिश हिंदुस्थान. हस्तिदंताची गोष्ट जास्त जिव्हारी लागते. पूर्व आफ्रिकेचे सुळे झांझिबारवरून मुंबई बंदरात येत आणि इथल्या व्यापाऱ्यांच्या हातून लंडनला रवाना होत, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तरी हाच मोठा मार्ग होता. क्यूला लागणारं हस्तिदंत चिमूटभर. खरा संहार चेंडूंनी केला, कारण एका सुळ्यातून मोजकेच चेंडू निघत. पण चिमूटभर असलं तरी ते त्याच सुळ्यांतून आलेलं आहे, आणि सांध्याचं कौतुक करताना मी पट्टीवरून नजर फिरवून पुढे जाऊ शकत नाही. हाडाची पट्टी पाहिली की मला बरं वाटतं. कामाला ती तितकीच चालते, हे तेव्हाच्या कारागिरांनाही ठाऊक होतं.

लाकूड इकडून गेलं आणि क्यू होऊन इकडे परतही आलं. जिमखान्यांतून, छावण्यांतून, संस्थानिकांच्या वाड्यांतून इंग्लिश टेबलं आली, त्यांच्याबरोबर भिंतीवरच्या मांडण्या आणि त्यांत ओळीने उभे क्यू. जॉन रॉबर्ट्स धाकटा हा व्हिक्टोरियन काळातला सर्वश्रेष्ठ खेळाडू हिंदुस्थानात येत असे, जयपूरच्या महाराजांनी त्याला आपल्या दरबारचा बिलियर्ड्सपटू नेमलं होतं. आणि पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सने १९५८ साली कलकत्त्याला हौशी खेळाडूंचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं, कुठल्याही खेळात असा मान मिळवणारा पहिला भारतीय म्हणून.

अमेरिकेतली परंपरा याहून वेगळी. तिथे दांडा मेपलचा. मेपलची छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी विखुरलेली, म्हणून त्यावर बाण उठत नाहीत, लाकूड सायीसारखं कोरं दिसतं. ब्रन्सविक कंपनीचा टायटलिस्ट नावाचा क्यू यंत्राने सांधलेला, अणकुचीदार टोकांचा, सार्वजनिक पूल हॉलमध्ये भिंतीला लावून ठेवण्याचा. १९२४ साली रशियातून आलेल्या जॉर्ज बालाबुश्काने १९५९ पासून हेच साधे क्यू कापून आपल्या क्यूंसाठी वापरले. मुठीला आयरिश लिननचा धागा गुंडाळला, मध्ये स्क्रूचा जोड बसवला, बुडाशी शिंपल्याच्या टिकल्या आणि रंगीत कड्या घातल्या. १९७५ मध्ये तो गेला, तोवर त्याचे हजाराच्या आसपास क्यू झाले असावेत. आज त्याचं नाव दंतकथेसारखं घेतलं जातं. १९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’ चित्रपटात बालाबुश्का म्हणून जो क्यू दिसतो तो दुसऱ्याच कारागिराने केलेला आहे, कारण अस्सल क्यू चित्रीकरणात मोडण्याची जोखीम नको होती. बालाबुश्काची शोभा मला आवडते, आणि जे क्यू सगळ्यांच्या हाती होते त्यांच्यातलं चांगलं लाकूड ओळखण्याची त्याची नजर त्याहून जास्त. तरी फरक सांगायलाच हवा. त्याच्या टिकल्या काढून घेतल्या तरी क्यू तसाच खेळेल. इंग्लिश क्यूच्या कमानी काढायच्या म्हटलं तर क्यूच उरत नाही.

शंभर वर्षांच्या क्यूचं आजचं रूप निम्मं कारागिराचं आणि निम्मं वापराचं असतं. ॲश मधाच्या रंगाचं होतं. जिथे डाव्या हाताच्या बोटांवरून दांडा लाखो वेळा सरकला तिथे तो जास्त गडद आणि गुळगुळीत होतो. असा क्यू विकायला काढताना पॉलिशपेपर घासून नवा कोरा करायची खोड फार वाईट. रंग तर जातोच, पण जाडीही जाते, आणि जाडी गेली की लवचिकपणाचा मूळ हिशेब बिघडतो. कमानींचे माथे खाली सरकतात ते वेगळंच. मळ ओल्या फडक्याने निघतो, कोरड्या लाकडाला थोडं जवसाचं तेल पुरतं. सरळपणा पाहायला लोक क्यू टेबलावर गडगडवतात, तेही जुन्या क्यूला लागू नाही. हाताने रंधलेला दांडा अगदी पुरता गोल नसतो, त्यामुळे सरळ असूनही तो गडगडताना डुलतो. एक डोळा मिटून बुडाकडून टोकापर्यंत धारेवर पाहावं, थोडा थोडा फिरवत.

बूड पाहायलाही विसरू नये. झिजवलेल्या, उघड्या बुडावर मध्यभागी ॲशचा छोटा चौकोन दिसतो आणि त्याच्या चारी बाजूंना आबनूस. समोरासमोरचे दोन तुकडे अरुंद, गाभ्याइतकेच रुंद, ते आधी लावलेले. उरलेले दोघे त्यांच्यावरून पसरलेले, ते नंतरचे. दोन वेळा सरस उकळला, दोन वेळा वाळेपर्यंत थांबावं लागलं, तो क्रम तिथे छापल्यासारखा वाचता येतो. नंतरच्या दुरुस्त्यांत या जागेवर रबराची टोपी बसवतात किंवा लांबी वाढवणारा तुकडा जोडण्यासाठी मधोमध भोक पाडतात. भोक नेमकं त्या चौकोनात, टोकापासून बुडापर्यंत अखंड आलेल्या त्या एकाच लाकडात पडतं. खेळणाऱ्याची सोय मी समजू शकतो. तरी ज्याच्या क्यूला असं भोक पाडायचं आहे त्याने नवा क्यू घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

मधून कापण्याचा प्रश्न जास्त अवघड आहे. हे सगळे क्यू एकसंध, प्रवासात काळ्या रंगवलेल्या लांब पत्र्याच्या नळीत ठेवायचे. स्नूकरपटू जॉन स्पेन्सरचा असाच एक आवडता क्यू १९७४ साली मोटार अपघातात चार तुकडे झाला. क्लिफ कर्टिस या कारागिराने तो सांधून दिला आणि स्पेन्सरने त्याच क्यूने नॉर्विच युनियन ओपन जिंकली. १९७७ मध्ये जागतिक अजिंक्यपद मात्र त्याने दोन तुकड्यांच्या, मध्ये स्क्रूने जोडायच्या क्यूने मिळवलं. दोन तुकड्यांच्या क्यूने ते जिंकणारा तो पहिला. त्यानंतर अखंड क्यूचे दिवस भराभर सरले आणि जुने क्यू कापून त्यांत पितळेचे जोड बसवण्याचं काम वाढलं. ते करायचंच असेल तर सांध्यापासून दूर, मुठीकडून पाव लांबीच्या वर, नुसत्या ॲशमध्ये करावं. म्हणजे चारही कमानींना करवत लागत नाही. आणि पितळेचा आटा घट्ट बसल्यावर वरच्या तुकड्यावरचे बाण खालच्या तुकड्यावरच्या बाणांशी एका रेषेत यायला हवेत. हे जमवायला आटा किती फेऱ्यांचा, तो नेमका कुठे थांबणार, हे आधी मोजून मगच पितळ चिकटवावं लागतं, आणि तेवढी सवड जो घेतो त्याच्याच हाती जुना क्यू द्यावा.